स्टेशनवरच्या काकांची दारू सोडवताना आमचं कुठे चुकलं?

पापडीची लेक
आम्ही सात-आठ जण दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर (उपासनेनंतर) वसई रोड स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना जेवण देतो. त्यात पन्नाशीचे एक काका आहेत, जालन्याकडचे, पूर्वी सेंट्रिंगच्या कामावर होते. परवाच्या रविवारी त्यांनी हात जोडले, "ताई, मला यातून काढा." आम्ही त्यांना चर्चच्या हॉलमागच्या खोलीत आणलं, अंघोळ घातली, प्रार्थना केली. क्रुसासमोर त्यांनी शपथ घेतली, आता थेंबही नाही.

तिसऱ्या रात्री हातपाय लटलट कापायला लागले. भिंतीवरून उंदीर उतरतायत म्हणून चादर झटकत बसले, मला ओळखेनात. आमच्यातल्या एकांना वाटलं, हा दुष्ट आत्मा. डोक्यावर हात ठेवून दोन तास प्रार्थना चालली. पहाटे अंग तापलं, शुद्ध हरपली, तेव्हा रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. वाचले. दोन-तीन दिवसांत डिस्चार्ज आहे. परत त्याच खोलीत आणायचं का? एक जण म्हणतात, बाप्तिस्मा घेतला की सुटेल. मला काही सुचत नाही.

वॉर्डातली
ताई, मी नर्स आहे. तो आत्मा नव्हता. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात असा भ्रम होतो. यात माणूस दगावतो. औषधं आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लागतात. यापुढे कुणी "आजपासून सोडतो" म्हणालं, तर आधी डॉक्टर. प्रार्थना वॉर्डाबाहेर बसूनही करता येते, मी स्वतः करते.

आजचा दिवस
लेकी, मी चार वर्षं वांद्र्याला पुलाखाली झोपलोय. आज अकरा वर्षं सोबर आहे आणि हेच काम करतो, म्हणून थोडं लांबवतो.

तुम्ही त्यांचा हात धरलात, हे चुकलं नाही. चुकली ती शपथ. मी तीनदा घेतली, एकदा माझ्या आईच्या फोटोवर हात ठेवून. मोडली की माणूस दारूपेक्षा तुम्हाला जास्त टाळतो, कारण तुमच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मध्ये जन्मभराचं कुणी बोलत नाही, फक्त आजचा दिवस. उद्या स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलो, तरी खुर्ची रिकामी ठेवलेली असते. एए १९३५मध्ये अमेरिकेत सुरू झालं, त्याची मुळं ख्रिस्ती प्रार्थनागटांतच आहेत, पण देव कोणता हे ते ज्याचं त्याच्यावर सोडतात.

बाप्तिस्म्याचं म्हणाल, तर आत्ता अजिबात नको. जेवणासाठी आणि छपरासाठी जो तुमच्यावर अवलंबून आहे, त्याच्या होकाराला होकार कसं म्हणायचं? मी ख्रिस्ती आहे आणि प्रभूनेच मला उचललं असं मनापासून मानतो, म्हणूनच सांगतो. आपल्या फादर जो परेरांनी १९८१मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात व्यसनमुक्तीसाठी कृपा फाउंडेशन सुरू केलं, तिथे एएच्या बारा पायऱ्यांच्या (व्यसनातून बाहेर पडायच्या टप्प्यांच्या) जोडीला योगासनं असतात, सगळ्या धर्मांचे लोक येतात. वसईतही त्यांचं केंद्र आहे, चौकशी करा. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइनही आहे. काका स्वतःहून तयार असतील तरच न्या, कोंडून ठेवू नका.

आता खरी गोष्ट. डिस्चार्जची संध्याकाळ. मला सोडलं तेव्हा हातात गोळ्यांची पिशवी होती आणि पाय आपोआप गुत्त्याकडे वळले, कारण गावात मला नावाने ओळखणारं तेवढं एकच दार होतं. त्या दिवशी एएमधले एक निवृत्त बेस्ट कंडक्टर गेटवर उभे होते. उपदेश नाही, काही नाही. चहा पाजला, मीटिंगला नेलं आणि एक छोटी पत्र्याची पेटी घेऊन दिली, कुलपासकट. रस्त्यावर चपलासुद्धा उशाला घेऊन झोपावं लागतं. चार वर्षांनी माझी अशी एक वस्तू होती, जी कुणी नेणार नव्हतं. किल्ली सुतळीत ओवून गळ्यात घातली होती, क्रुसाशेजारी.

तेव्हा पहिले नव्वद दिवस संध्याकाळी सहा ते नऊ सोबत कोण असेल, हे आधी ठरवा. आधार कार्ड हरवलं असेल, ते काढायला बरोबर जा. काम लगेच शोधू नका, हातात रोख आली की पहिला आठवडा फार अवघड जातो. आणि पूर्वीचं काही सांगायला लागले, तर मध्येच बायबलचं वचन ऐकवू नका. ऐकून घ्या.

पापडीची लेक
दादा, तुमचं लिहिलेलं आज ग्रुपमध्ये वाचून दाखवलं. ज्यांनी दोन तास प्रार्थना केली होती ते रडले, आणि सोमवार-बुधवारची संध्याकाळ त्यांनी स्वतःकडे घेतली. दुपारी वॉर्डात जाऊन आले. काकांना केंद्राचं विचारलं, त्यांनी "बघू" म्हटलं. पेटीचं सांगितल्यावर मात्र उठून बसले, "किल्ली माझ्याकडंच राहील ना?" शनिवारची संध्याकाळ अजून रिकामी आहे. वसईतलं कुणी वाचत असेल तर कळवा.