आय-थ्री, ४ जीबी रॅम: विंडोज १० ठेवू की लिनक्स टाकू?

टायपिंग_नाशिकरोड
नमस्कार. बिटको चौकाजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. २०१४ला घेतलेला डेस्कटॉप: आय-थ्री ४१३० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज १०. सकाळी शटर वर केलं की आधी पीसी चालू करते, मग झाडलोट, अगरबत्ती, तरी डेस्कटॉप आलेला नसतो. क्रोम उघडायला अजून दोन मिनिटं. दारात सातबारा काढायला आलेली माणसं उभी असतात, एकलहऱ्याची, शिंद्याची. त्यांना परतीची गाडी गाठायची असते. त्यांना ताटकळत ठेवणं माझ्या जिवावर येतं.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. एक दुकानदार म्हणाला, विंडोज ११ यावर चालणार नाही, नवीनच घ्या. मुलगा म्हणतो विंडोजच्या जागी लिनक्स टाक, हलकं असतं. माझं काम म्हणजे प्रिंट, ऑनलाइन फॉर्म, प्रतिज्ञापत्रं, स्कॅनिंग, आणि जुन्या मराठी फॉन्टमधल्या दहा वर्षांच्या फाइली. काय जलद चालेल? प्रिंटर-स्कॅनर कशावर नीट चालतील?

गंगापूररोड_पीसी
विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, तुमचा चौथ्या पिढीचा. ती तपासणी चुकवून टाकता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. पोटापाण्याच्या मशीनवर हा प्रयोग नको.

सातपूरकर
ताई, उद्या पीसी सुरू होताना कॅबिनेटवरचा हार्डडिस्कचा छोटा दिवा बघा. तो न मिचकावता पेटलेलाच राहतो का? टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर दहा-पंधरा टक्के दिसतो का? तसं असेल तर दुखणं विंडोजचं नाही, डिस्कचं आहे. हार्डडिस्कच्या आत तबकडी फिरते आणि वाचणारं डोकं जागा शोधत सरकतं. एका सेकंदात जेमतेम शंभरेक जागा वाचून होतात, आणि सुरू होताना विंडोज हजारो बारीक फाइली मागतं. एसएसडी म्हणजे चिपांवर साठवणारी डिस्क, तिच्यात हलणारं काहीच नसतं.

माझ्याकडेही चौथ्या पिढीचाच आय-थ्री आहे, घड्याळ लावून बघितलंय. हार्डडिस्कवर विंडोज १०ला २ मिनिटं ५० सेकंद, लिनक्स मिंट एक्सएफसीईला (लिनक्सचा एक हलका प्रकार) सव्वा मिनिट. एसएसडी लावल्यावर २४ आणि १९ सेकंद. म्हणजे भांडण पाच सेकंदांवर आलं! रॅममध्ये मात्र फरक राहतो. नुसतं सुरू होऊन बसलं तरी विंडोज दोन जीबीच्या आसपास खातं, मिंट पाऊण जीबी. पण क्रोमचे दहा टॅब दोन्हीकडे सारखेच खातात, म्हणून ४ची ८ करून घ्याच. एमजी रोडला तुमच्या मशीनची जुनी डीडीआर३ रॅम मिळते.

आता हार्डवेअर. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे प्रोग्राम) कर्नलबरोबरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबरच येतात. आवाज, लॅन, इंटेल ग्राफिक्स यांना काही टाकावं लागत नाही. घोडं अडतं ते जुन्या स्वस्त लेझर प्रिंटरपाशी. त्यातल्या बऱ्याच प्रिंटरना पान स्वतः मांडता येत नाही, पानाचं चित्र संगणकातला ड्रायव्हर बनवून देतो, आणि तो ड्रायव्हर मुख्यतः विंडोजसाठी लिहिलेला असतो. माझ्या घरच्या प्रिंटरवर मिंटमध्ये तीन संध्याकाळी घालवल्या, एकाआड एक पान कोरं येत राहिलं. म्हणून मिंट आधी पेन ड्राइव्हवरून चालवा, डिस्कला हात न लावता. प्रिंट काढा, स्कॅन करा, मगच ठरवा.

जुने मराठी फॉन्ट मिंटमध्ये कॉपी केले की लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) फाइल दिसते, पण त्या फॉन्टचं टायपिंग सॉफ्टवेअर बहुधा विंडोजचंच असतं. युनिकोड मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे चालतो.

गंगापूररोड_पीसी
+१. आणि विंडोज १०च ठेवलंत तर सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा. १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात.

टायपिंग_नाशिकरोड
दिवा खरंच न मिचकावता पेटलेला होता. रविवारी मुलाने कॅबिनेट उघडलं, आत बोटभर धूळ. ती काढली, २४० जीबी एसएसडी आणि ४ जीबीची दुसरी रॅम लावली. ४ हजारांच्या आत काम झालं. विंडोज १० आता अगरबत्ती पेटवेपर्यंत तयार असतं.

मिंटही पेन ड्राइव्हवरून बघितलं. स्कॅनर लगेच चालला, याचं नवल वाटलं. प्रिंटर यादीत दिसला पण एक पान देईना, मुलगा रात्री साडेदहापर्यंत बसला होता. जुन्या फाइली उघडल्या, पण जोडाक्षरं कुठेकुठे सरकलेली. प्रतिज्ञापत्रात एक अक्षर सरकून चालत नाही. तेव्हा दुकानात विंडोजच. पण मिंट मला आवडलंय, विंडोजच्या शेजारी ठेवून हळूहळू शिकायचंय. २४०पैकी त्याला किती जागा देऊ?

सातपूरकर
४० जीबी पुरे. जागा वेगळी करण्याआधी त्या दहा वर्षांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्या. जुनी ५०० जीबीची काढलेली आहेच, तिच्यावरच ठेवा.