रेशनवर तांदळासोबत नागली द्यावी का?

पेठरोडकर: नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याच्या उतारावर नागली, म्हणजे नाचणी, पिकते आणि तिथल्याच रेशन दुकानात फुकट मिळतो तांदूळ. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात १० सुद्धा नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची खुजी मुलं २०१५-१६ ला ३४ टक्के होती, २०१९-२१ ला ३५. त्याच काळात नाशिक कुठल्या कुठे पसरलं! कर्नाटक सरकार शेतकऱ्यांकडून हमीभावाने नागली घेऊन रेशनवर देतं. आपल्याला काय अडचण आहे?

दिंडोरीचा बागायतदार: अडचण चुलीपाशी आहे. भात अर्ध्या तासात शिजतो. नागली निवडा, दळून आणा, मग भाकरी थापा. माझ्याकडे द्राक्षाच्या छाटणीला येणारी बाई सकाळी सातला बागेत असते. नागलीऐवजी तिला पैसे द्या, त्याची डाळ-तेल घेऊ द्या, काय खायचं ते ती ठरवेल.

पेठरोडकर: पैसे खात्यात पडतील, पण दुकानात डाळीचा भाव चढला की तेवढ्याच पैशांत कमी डाळ येईल. धान्याचं माप तरी बदलत नाही. आणि दळूनच द्या की पीठ.

दिंडोरीचा बागायतदार: नागलीचं पीठ किती दिवस टिकतं? पावसाळ्यात दुकानातच जाळी धरेल.

सेविका_सुरगाणा: दोघांचंही वाचलं. मी अंगणवाडीत आहे, म्हणून सांगते. आदिवासी भागासाठीच्या अमृत आहार योजनेत आमच्याकडे लेकरांना आठवड्यातून ४ दिवस अंडं किंवा केळी मिळतात, गरोदर नि स्तनदा आईला एक वेळचं गरम जेवण. लेकरू गावात असेल तेव्हाच मिळतं हे. गोडी छाटणीला, म्हणजे द्राक्षाच्या ऑक्टोबरातल्या छाटणीला, आई-बाप निघाले की तेही जातं. नाव माझ्या रजिस्टरात, पोर द्राक्षाच्या मांडवाखाली. परत आलं की काट्यावर उभं करते आणि मागचं वजन बघून जीव तुटतो. नागली द्याच, आमच्या घरात पेज-आंबील सगळ्यांना येते करता. पण रेशन गावातल्या दुकानात आणि माणूस निफाडच्या बागेत, तर ते खाणार कोण?

पेठरोडकर: ताई, रेशनकार्ड आता कुठेही चालतं ना?

सेविका_सुरगाणा: धान्यापुरतं चालतं. अंडं नि गरम जेवण कार्डावर येत नाही. पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदीच्या सरकारी ॲपवर, स्थलांतराची नोंद करून तिकडच्या अंगणवाडीत नाव लावता येतं, पण ते पोर कुठल्या मळ्यावर उतरलंय हे तिथल्या सेविकेला कोण सांगणार? मळे गावापासून दोन-तीन किलोमीटर.

दिंडोरीचा बागायतदार: हे खरं आहे. माझ्या शेडवर गेल्या वर्षी पोरं होती, मी कधी मोजली नाहीत. पण पोरांची अंगणवाडीत ने-आण बागायतदाराच्या गळ्यात घालू नका. औषधं, मजुरी, सगळं अंगावर असतं आमच्या.

सेविका_सुरगाणा: ने-आण नंतर बघू, दादा. यंदा टोळीत लेकरं किती, त्यांची वयं काय, कुठल्या पाड्यावरची, एवढं मुकादमाला विचारून तुमच्या गावच्या सेविकेला कळवा. छाटणी सुरू व्हायच्या आधी.