मदत हवी आहे: शिनाण्यांचं बी खडपं न खरवडता कसं मिळवायचं?

नमस्कार मंडळी,

कोकणातल्या एका खाडीत आमच्या बायकांच्या बचत गटाला यंदा दोरावर शिनाणे, म्हणजे किनाऱ्याच्या खडपांना (खडकांना) चिकटून वाढणारे शिंपले, वाढवायचे आहेत. सिंधुदुर्गात महिला गटांनी कालवं आणि शिनाणे दोन्ही करून पाहिलेत. केरळात कासरगोडकडच्या खाड्यांमध्ये तर १९९०च्या दशकापासून बायका हे करताहेत. त्यामुळे जमेल की नाही ही शंका नाही.

पद्धतही कळली आहे. खाडीत बांबू रोवून मांडव करायचा आणि त्याला दोर लोंबते सोडायचे. बोटाच्या पेराएवढं बी, म्हणजे शिनाण्यांची पिल्लं, दोराभोवती सारखं पसरायचं, वरून सुती मच्छरदाणीचं कापड गुंडाळून शिवून टाकायचं. बी आपले तंतू सोडून दोराला घट्ट धरतं आणि तोवर कापड पाण्यात कुजून गळून जातं. खायला काही घालावं लागत नाही, भरतीच्या पाण्यातून येतं त्यावरच ते पोसतं. डिसेंबरच्या आसपास लावलं की पावसाआधी काढायचंच, कारण खाडीचं पाणी गोडं झालं की शिनाणे तग धरत नाहीत.

आमचं घोडं अडलंय ते बियाण्यापाशी. मीटरभर दोराला साधारण एक ते दीड किलो बी लागतं. मीटर-मीटरचे १०० दोर लावायचे म्हटले तरी १०० ते १५० किलो झालं, आणि ते सगळं येणार खडपांवरून. त्याच खडपांवर ओहोटीला कोयती-टोपली घेऊन जाणाऱ्या बायका आहेत, त्यांचं घर त्या टोपलीवर चालतं. काहीजणी आमच्या गटात आहेत, बऱ्याचजणी नाहीत. आम्ही बी ओरबाडून आणलं तर पुढच्या हंगामात त्यांनी काढायचं काय? केरळातही बियावरून शेती करणारे आणि खडपावर शिनाणे काढणारे यांच्यात वाद झालेले आहेत. एकीच्या ताटातलं काढून दुसरीच्या ताटात वाढायचं असेल तर मला हा उद्योग नको आहे, हे मी गटात स्पष्ट सांगितलंय.

म्हणून ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांना विचारते. खाडीच्या तोंडाशी नुसते दोर सोडून त्यावर बी आपसूक बसवता येतं का? पाऊस ओसरताना खडपांवर बारीक बी दिसायला लागतं, म्हणजे दोर त्याच्या जरा आधी पाण्यात हवेत असं वाटतं. पण फार लवकर सोडले तर शेवाळ आणि बार्नेकल (खडकाला-दोराला घट्ट चिकटणारे बारीक कवचाचे जीव) आधी जागा धरून बसणार. तुमच्याकडे नेमका कोणता महिना साधला? काथ्याचा दोर चालला की जुन्या जाळ्याच्या चिंध्या? किती खोलीवर बी चांगलं बसलं?

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने प्रयोगशाळेत बी तयार करण्याचं तंत्र बसवलंय. तसं बी कुणी आणलंय का, आणि ओल्या गोणपाटातून इथवर जिवंत पोचलं का?

दोन्ही नाहीच जमलं तर खडपावर जिथे एकावर एक दाटी झालेली असते तेवढ्याच जागा विरळ करायचा विचार आहे, तोही काढणाऱ्या बायकांना बरोबर बसवून. असा नियम कुठे ठरवून पाळला गेलाय का? कोणत्या जागा सोडायच्या हे कोणी ठरवलं?

जाता जाता आणखी दोन गोष्टी. उधाणाच्या ओहोटीला दोराचं टोक चिखलाला टेकलं तर खेकडे चढतात म्हणे. तळापासून किती अंतर ठेवता? आणि परवानगीसाठी मत्स्यव्यवसाय विभाग, सागरी मंडळ, ग्रामपंचायत यांपैकी कुणाकडे आधी गेलात?

वेळ नसेल तर बाकीचं राहू दे, बियाबद्दल तेवढं लिहा. दोर सोडायचे तर ते पाऊस सरायच्या आत वळून तयार हवेत, आणि काथ्या आणायचा की जाळी गोळा करायची हे गटाच्या पुढच्या बैठकीत ठरवायचंय.