मारखा व्हॅली की लांगटांग? लोकांच्या घरी राहून ट्रेक करायचाय

घाटवाटेवरची

नमस्कार मंडळी, मी आणि माझी मोठी बहीण (पन्नाशीला टेकलीय, पण चालायला माझ्यापेक्षा चिवट) अशा दोघीच यंदा हिमालयात जायचं म्हणतोय. सह्याद्रीत आमचं बरंच फिरणं होतं, हरिश्चंद्रगड, राजमाची, सुधागड, पावसाळ्यात तर पहाटेची कसारा लोकल ठरलेलीच, पण कळसूबाईच्या १६४६ मीटरच्या वर पायी कधीच गेलो नाही. गणपतींचं विसर्जन झालं की सुट्टी मिळेल, सगळं धरून बारा दिवस.

ऑफिसमध्ये सगळे एव्हरेस्ट बेस कॅम्पच सुचवतायत. पण आम्हाला तंबूत झोपा, शिट्टी वाजली की उठा, वर जाऊन फोटो काढा आणि परत फिरा असला ट्रेक नकोय. तिथल्या लोकांच्या घरी राहायचं, ते खातात ते खायचं, त्यांची शेतं, गुरं, देवघर बघायचं, जमलं तर चार कामं करू लागायचं. लडाखमधलं मारखा आणि नेपाळमधलं लांगटांग अशी दोन नावं समोर आलीत. ताई शाकाहारी आहे आणि तिला थोडी उंचीचीच धास्ती आहे. कुणी जाऊन आलं असेल तर जरा सविस्तर सांगा ना.

परळ_ते_पहाड

बेस कॅम्प बारा दिवसांत नका करू. जिथून चालायला सुरुवात होते ते लुकला साधारण २८६० मीटरवर आणि बेस कॅम्प ५३६४ वर, मधे अंगाला सवय व्हायला थांबावं लागतं, शिवाय लुकलाचं विमान हवेवर अवलंबून, एक दिवस ढगात गेला की सगळं गणित कोसळतं आणि मग माणसं दिवस वाचवायला भराभर वर चढतात, जे सगळ्यात वाईट. शेर्पा लोकांची संस्कृती तिथे आहेच, तेंगबोचेचा मठ तर बघण्यासारखाच आहे, पण त्या वाटेवर मुक्काम बहुतेक लॉजमध्येच होतो. तुम्हाला जे हवंय ते मारखात आहे.

आणि तुमच्या तारखाही मारखालाच जुळतात. लडाख पर्जन्यछायेत, म्हणजे आपल्याकडे सप्टेंबरमध्ये अजून सरी येत असतात तेव्हा तिथे आकाश मोकळं असतं आणि नद्यांचं बर्फवितळीचं पाणीही उतरलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर मारखा नदी ओलांडणं अवघड जातं, सप्टेंबरात तो त्रास कमी. सातूच्या कापणी-मळणीचा हंगामही त्याच सुमाराला, त्यामुळे माणसं शेतात, खळ्यावर भेटतात.

मारखातल्या होमस्टेबद्दल थोडं सांगतो कारण ते नुसतं राहायची सोय म्हणून सुरू झालेलं नाही. हा सगळा भाग हेमिस नॅशनल पार्कमध्ये येतो, हिमबिबट्याचा मुलूख. बिबट्या रात्री गोठ्यात शिरला की एकाच रात्रीत बऱ्याच शेळ्यामेंढ्या मारतो, मग गावकरी चिडून त्याच्या जिवावर उठायचे. २००० नंतरच्या काही वर्षांत संवर्धनाचं काम करणाऱ्यांनी गोठ्यांवर जाळीची छपरं घालून दिली आणि गावातल्या घरांना पाहुणे ठेवायला शिकवलं, म्हणजे बिबट्या जिवंत असण्यातच गावाचा फायदा. अनेक गावांत पाहुणे कुणाकडे जाणार ते पाळीने ठरतं, म्हणजे एकाच घराची चांदी होत नाही. तुम्हाला कुठलं घर मिळेल ते गाव ठरवणार, त्यावर हुज्जत घालू नका आणि भावावर तर अजिबातच नको.

आता घर कसं असतं. स्वयंपाकघर हीच मुख्य खोली, मधे लोखंडी चूल, तिच्यात शेण नाहीतर लाकूड, आणि एका भिंतीला छतापर्यंत फळ्या, त्यावर तांब्यापितळेची भांडी अशी लख्ख मांडलेली की दिवा लावला की अख्खी भिंत चमकते. यातली चांगली भांडी चिलिंगच्या कारागिरांची, ते गाव तुमच्या वाटेवरच लागेल, त्यांचे पूर्वज लेहजवळच्या शे गावातल्या बुद्धमूर्तीच्या कामासाठी नेपाळहून आले असं सांगतात. भिंतीकडेने गाद्या, पुढे बुटकी रंगीत मेजं. वडीलधारी माणसं चुलीजवळ बसतात, तिथून पुढे मानाप्रमाणे ओळ. आपण जाऊन चुलीजवळ फतकल मारायचं नाही, ते बसवतील तिथे बसायचं.

जेवण ताईंना जमेल. स्क्यू म्हणजे कणकेचे अंगठ्याने दाबलेले छोटे तुकडे भाजीच्या रश्श्यात शिजवलेले, बटाटा, सलगम, वाटाणा जे शेतात असेल ते. थुक्पा (नूडल्सचं सूप), तिंगमो (वाफवलेला पाव), सकाळी खंबीर नावाची जाड रोटी लोणी-जॅम लावून. भाजलेल्या सातूचं पीठ चहात कालवून खातात. फक्त आधीच सांगा, ‘मांस नको’, कारण थुक्प्यात सुकं मांस घालतात कधीकधी. लोणी-मीठ घातलेला गुरगुर चहा पहिल्या घोटाला वेगळा लागतो, पण कप रिकामा झाला की लगेच भरतात, तेव्हा नको असेल तर निघेपर्यंत कप भरलेलाच ठेवा.

दादर_डॉक्टर

उंचीच्या धास्तीबद्दल मी लिहितो. मुंबई समुद्रसपाटीला आणि लेह साधारण ३५०० मीटर, विमानाने गेलात तर काही तासांत हवेचा दाब दोन-तृतीयांशावर येतो, मारखा ट्रेकमधली कोंगमारू ला ही खिंड ५२०० च्या आसपास आहे तिथे जवळजवळ निम्मा. तुम्ही सह्याद्रीत किती दमदार आहात याचा इथे काही उपयोग नाही, उलट तब्येतीने तगडी माणसं डोकेदुखी दडवून पुढे जातात आणि अडकतात. ३००० च्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांत एक दिवस उंची न वाढवता काढावा, हा सर्वमान्य नियम.

डोकं दुखणं, भूक मरणं, मळमळ, झोप न लागणं, यातलं काही असेल तर वर जायचं नाही, तिथेच थांबायचं, वाढलं तर उतरायचं. बसल्याजागी दम लागतोय, खोकला येतोय, किंवा माणूस सरळ रेषेत चालू शकत नाहीये, बरळतोय, तर रात्र असो नाहीतर पाऊस असो लगेच खाली न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही ते आपल्या डॉक्टरला विचारूनच, सल्फाची ॲलर्जी किंवा किडनीचा त्रास असेल तर मुद्दाम सांगा. ताईंचं बीपी, साखर, हिमोग्लोबिन आत्ताच तपासून घ्या, जायच्या आदल्या आठवड्यात नको.

आणि जमलं तर विमान श्रीनगरपर्यंतच घ्या, तिथून कारगिलला मुक्काम करून रस्त्याने लेह. श्रीनगर १६०० च्या आतबाहेर, कारगिल २७०० च्या, म्हणजे झोपायची उंची टप्प्याटप्प्याने चढते. मनालीहून नको, सरचूचा मुक्काम ४२०० च्या वर पडतो.

वसईची_वाट

मी लांगटांगच्या बाजूने बोलणार कारण माझा जीव तिथे अडकलाय. काठमांडूहून गाडीने स्याब्रुबेसी, मग नदीच्या काठाने लामा हॉटेल नावाची वस्ती, लांगटांग गाव, क्यांजिन गोम्पा (३८०० च्या थोडं वर). खाली तामांग समाजाची वस्ती, वर तिबेटी वळणाची माणसं, क्यांजिनला १९५० च्या दशकात स्विस मदतीने सुरू झालेला याकच्या चीजचा कारखाना. दोन-चार दिवसांत रान संपून उघडी हिमशिखरं समोर येतात.

पण तिथे जायचं तर हेही माहीत असायला हवं की २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात वरून बर्फ-दगडांचा लोंढा आला आणि लांगटांग गाव जवळजवळ पूर्ण गाडलं गेलं. जे लोक वाचले त्यांनी गाव पुन्हा उभं केलं, आज तुम्ही ज्या घरात चहा पिता त्या घरात कुणीतरी गेलेलं असतं. गेलेल्यांच्या नावांचं स्मारक आहे तिथे, थांबा, नावं वाचा. पण चहा आणून देणाऱ्या बाईला ‘त्या दिवशी काय झालं’ असं आपणहून विचारू नका, तिला सांगायचं असेल तर ती सांगेल. मी असं विचारणारे लोक बघितलेत आणि तिचा चेहराही बघितलाय, फार वाईट वाटतं.

तुमच्या तारखांना मात्र नेपाळचा पाऊस पुरता गेलेला नसतो आणि त्या रस्त्याला दरडी येतात. ऑक्टोबर मध्य ते नोव्हेंबर असेल तर लांगटांग, नाहीतर या खेपेला मारखाच. नेपाळला व्हिसा लागत नाही पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, नुसत्या आधारवर राहू नका.

घाटवाटेवरची

सगळ्यांचे मनापासून आभार! मारखाच करू मग. पण श्रीनगर-कारगिल रस्ता, मग लेहला दोन दिवस, यात बारातले किती तरी दिवस जातात, खिंड कधी करायची? आणि दोघीच बायका आहोत, मुक्कामाला काही अडचण? टॉयलेट वगैरे?

परळ_ते_पहाड

अहो, ‘दिवस जातात’ हेच डोक्यातून काढा. तुम्हाला लोकांमध्ये राहायचंय ना, मग हे थांबायचे दिवसच तुमचे. लेहला पहिल्या दिवशी पडून राहा, दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात हळूहळू फिरा, तिसऱ्या दिवशी पहाटे टॅक्सीने ठिकसेच्या मठात जाऊन सकाळच्या प्रार्थनेला मागे गप्प बसा, लहान भिक्षू किटलीने चहा वाटत फिरतात, शिंगांचा आणि ढोलाचा आवाज छातीत घुमतो.

मग गाडीने स्क्यू गावापर्यंत (रस्ता आता चिलिंगच्या पुढे गेलाय), पुढे सारा, मारखा गाव, हांकर. हांकर ४००० च्या आसपास आणि खिंडीखालचा निमलिंगचा तंबूंचा तळ ४८०० च्या, म्हणजे डॉक्टरसाहेबांचा ५०० मीटरचा नियम इथेच मोडतो आणि बहुतेक ग्रुप तो मोडतात. तुम्ही हांकरला दोन रात्री राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर जा, पाट बघा, पाण्याची पाळी कुणाची ते ठरवायला गावाने नेमलेला माणूस असतो, चुरपोन, त्याच्या शब्दावर अख्ख्या गावाचं पीक. मळणी चालू असेल तर विचारून हात लावा, आनंदाने लावू देतात, गाणी चालू असतात. दुपारी थोडं वर चढून परत खाली झोपायला या. तिसऱ्या दिवशी ताई ठणठणीत असतील तर निमलिंग आणि कोंगमारू ला, नसतील तर आलेल्या वाटेने परत स्क्यू. खिंड राहिली तर राहिली, मारखा त्यामुळे अपुरी राहत नाही, हे मी अगदी ठामपणे सांगतो. घाईने खिंड मारणाऱ्यांना हांकर हे फक्त जेवायचं ठिकाण म्हणून आठवतं.

ठाण्याची_पाऊलवाट

बायकांच्या बाबतीत मी सांगते, मी मैत्रिणीबरोबर गेले होते. घर चालवते ती घरची बाईच, तिला आमा-ले (म्हणजे आई) म्हणा, सगळा व्यवहार तिच्याशीच. मुक्कामाला मला कुठेच अवघडल्यासारखं झालं नाही. गाईड मात्र तिथलाच घ्या, लेहमध्ये लडाखी मुली गाईड म्हणून काम करतात, तशी मिळाली तर आमा-लेंशी खऱ्या गप्पा होतात, नाहीतर आपण नुसतं हसत बसतो.

टॉयलेट कोरडं असतं. वरच्या मजल्यावर खोली, जमिनीला चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. झालं की दोन फावडी माती लोटायची, पाणी ओतायचं नाही, कारण खाली जे साठतं तेच पुढच्या वर्षी शेतात खत म्हणून जातं. म्हणूनच सॅनिटरी पॅड, वेट वाइप्स, प्लास्टिक काहीही आत टाकू नका, एक झिपची पिशवी ठेवा आणि सगळं लेहला परत आणा. चुलीतही कचरा टाकायचा नाही, चूल पवित्र मानतात.

वाटेत मणी भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या) आणि छोर्तेन (स्तूप) लागतील, ते उजव्या हाताला ठेवून जायचं, आपण देवळात प्रदक्षिणा घालतो तसंच. देवघरात बूट बाहेर, फोटो विचारून. मुलांना चॉकलेटं वाटू नका प्लीज, मुलं वाटेवर येऊन मागायला लागतात आणि ते आपणच लावलेलं असतं. द्यायचंच तर आमा-लेंच्या हातात मुंबईहून नेलेली चहापत्ती द्या. मी चिवडा नेला होता, अख्ख्या घराने चुलीभोवती बसून खाल्ला.

घाटवाटेवरची

ताईला सगळं वाचून दाखवलं, ती म्हणाली हांकरला दोन नाही तीन रात्री राहू! श्रीनगरची तिकिटं बघतेय, तपासण्या या शनिवारी. अजून काही राहिलंय का?

परळ_ते_पहाड

तीन रात्री म्हणजे फारच छान, मग बहुतेक स्क्यूलाच परत या. आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, एकीचं तरी पोस्टपेड करून घ्या आणि दरीत नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, घरी आधीच सांगून ठेवा. रोख लेहमधूनच काढा, पुढे एटीएम नाही, सुट्टे जास्त घ्या. रात्री थंडी चांगलीच पडते, घरात रजया मिळतात पण आतले थर्मल, लोकरीची टोपी हवीच. आणि खिंडीचं मनात आलंच तर निमलिंगचे तंबू सप्टेंबर अखेर गुंडाळायला लागतात, तेव्हा लेह सोडायच्या आधी गाईडला विचारून पक्कं करा.