मदत हवी आहे: पेरॉनवाद यंत्रमाग कामगारांना कसा समजावू?

नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागातल्या आमच्या अभ्यासवर्गात येत्या रविवारी मला अर्जेंटिनातल्या पेरॉनवादावर, म्हणजे हुआन पेरॉनच्या नावानं चाललेल्या राजकीय चळवळीवर बोलायचंय. समोर बहुतेक यंत्रमाग कामगार असतील.

हा पेरॉन लष्करातला कर्नल. १९४३च्या लष्करी उठावानंतर कामगार खातं त्याच्याकडे आलं आणि कामगारांना पहिल्यांदाच कुणीतरी आपलं वाटलं. त्याला अटक झाली तेव्हा, १७ ऑक्टोबर १९४५ला, त्यांनी ब्यूनोस आयर्सचा मुख्य चौक भरून टाकला. त्या दिवसाचा एक फोटो आहे, दमलेली माणसं कारंज्याच्या पाण्यात पाय सोडून बसलीत. पाळी संपवून आलेले माझे वडील हौदाच्या कठड्यावर अगदी तसेच बसायचे. तो फोटो मी दाखवणारच आहे.

पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला. पण १९५१मध्ये याच पेरॉनच्या सरकारनं 'ला प्रेन्सा' हे विरोधी वृत्तपत्र ताब्यात घेतलं. नंतर डावे आणि कट्टर उजवे, दोघंही स्वतःला पेरॉनवादीच म्हणवू लागले. २० जून १९७३ला ब्यूनोस आयर्सच्या एझेइझा विमानतळाजवळ उजव्यांनी डाव्यांवर गोळ्या झाडल्या.

हक्क देणारा आणि तोंड दाबणारा माणूस एकच, हे दोन्हीतलं काहीही न लपवता कसं सांगू? सुरुवात कुठून करू? आणि त्याच्या समर्थकांना 'देस्कामिसादोस', म्हणजे अंगात सदरा नसलेले, म्हणत. याला आपल्या बोलीतला नेमका शब्द कुणी सुचवेल का?