मदत हवी आहे : बोटांत चिखल्या आणि टाचेला भेगा, दोन्ही एकदम

भातखाचर

चिपळूणजवळचं गाव. बाबांचं वय ५८, शेती भाताची. जुलैत लावणी सुरू झाल्यापासून दोन्ही पायांना चिखल्या आहेत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून सुटते, खाज येते, वासही येतो. पाऊस थांबला की जाईल असं वाटलं होतं. पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं, चिखल्या तशाच आहेत आणि आता टाचाही फुटल्या. उजव्या टाचेच्या कडेची एक भेग इतकी खोल आहे की आत लाल दिसतं.

आतापर्यंत केलेले उपाय : (१) रात्री कोमट खोबरेल अख्ख्या पावलाला, बोटांच्या मध्येसुद्धा, चोळून वर मोजे. टाचा जरा मऊ पडल्या, चिखल्या वाढल्या. (२) औषधाच्या दुकानातून आणलेली ट्यूब. तिच्यावर क्लोबेटासॉल, निओमायसिन, मायकोनॅझोल अशी नावं आहेत. पाच दिवसांत खाज गेली, बंद केल्यावर दुपटीने आली.

आठवड्याभरात कापणी आहे. आधी काय बरं करावं, चिखल्या की भेगा?

बेचकं

दोन्ही एकदमच करायचं, पण एका पायावर दोन वेगळे पाय आहेत असं समजून. बोटांच्या मध्ये ओल अडकली आहे, तिथे कोरडं करायचं. टाचेतली ओल उडाली आहे, तिथे ती धरून ठेवायची. तळव्याच्या कातडीत तेलाच्या ग्रंथीच नसतात, नुसत्या घामाच्या असतात. म्हणून हवेतली आर्द्रता उतरली की सगळ्यात आधी टाच तडकते. तुम्ही टाचेचा उपाय बेचक्यात केलात. तेल आणि वर मोजे म्हणजे चिखल्यांच्या बुरशीला पुन्हा श्रावण.

ती ट्यूब आजच बंद. क्लोबेटासॉल हे फार कडक स्टिरॉइड आहे. ते सूज आणि खाज दाबतं, बुरशी मारत नाही, उलट कातडी पातळ करून तिला वाट करून देतं. म्हणून पाच दिवस बरं आणि मग दुप्पट. बंद केल्यावर काही दिवस खाज वाढेल, तेव्हा घाबरून परत लावू नका.

बेचक्यासाठी क्रम :

अंघोळीनंतर जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा घ्या, पायांसाठी वेगळाच. एकेक बोट फाकवून टिपा, घासू नका, सुटलेली पांढरी कातडी ओढू नका. मग दहा मिनिटं पाय उघडे. त्यानंतर बुरशी मारणारं मलम : नुसतं क्लोट्रिमॅझोल १ टक्का, दिवसातून दोनदा, चार आठवडे. किंवा ल्युलिकोनॅझोल १ टक्का, दिवसातून एकदा, दोन आठवडे. दोन्ही पायांच्या बेचक्यांना मिळून वाटाण्याएवढं मलम पुरतं. पांढरा थर दिसत राहिला तर जास्त झालं, तोच थर ओल धरतो. कातडी बरी दिसली म्हणून आठव्या दिवशी सोडू नका. चिखल्या दर वर्षी 'उलटतात' त्याचं मोठं कारण हेच, बुरशी अर्धवट मेलेली असते.

बेचक्यातून पाणी झिरपत असेल तरच पहिले तीन-चार दिवस पोटॅशियम परमँगनेटचं पाणी. ४०० मिलिग्रॅमची एक गोळी ४ लिटर पाण्यात, रंग फिकट गुलाबी, दहा मिनिटं पाय बुडवून. खडे असतील तर आधी वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून गाळून घ्या, न विरघळलेला खडा कातडी भाजतो. नखं तपकिरी होतात, ते काही दिवसांनी जातं.

मुठेल

टाचांबद्दल. बाबा मागून उघड्या, पातळ रबरी चपला वापरत असणार. उभं राहिलं की टाचेची गादी बाजूला पसरते, तिला धरायला मागे काही नसतं, आणि कडेची जाड कोरडी कातडी ताणून फाटते. म्हणून भेगा कडेला पडतात, मधोमध नाही. मलम कितीही लावा, दिवसभर त्याच चपला असतील तर रात्रीची कमाई दुपारपर्यंत गेली. बरं होईपर्यंत मागून बंद, जाड तळाची पादत्राणं.

लाल दिसणाऱ्या भेगेत युरियाचं मलम आत्ता घालू नका, झोंबेल. पहिले चार-पाच दिवस नुसतं पेट्रोलियम जेली. भेगेच्या दोन्ही कडा बोटांनी जवळ आणून वर आडवी कागदी चिकटपट्टी, औषधाच्या दुकानात मिळते ती. कडा हलल्या नाहीत तर भेग लवकर मिटते. झटपट चिकटवणारा गोंद भरणारे लोक आहेत, ते करू नका. आत घाण राहून वर झाकण बसतं.

भेग मिटली की युरियाचं मलम. नुसत्या कोरडेपणाला १० टक्के, जाड टाचेला २० ते २५ टक्के. ४० टक्क्यांचं घट्ट्यासाठी असतं, ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. लावायची वेळ महत्त्वाची : पाय टिपल्यावर दोन-तीन मिनिटांत, कातडी अजून दमट असताना. मलम पाणी आणून देत नाही, असलेलं धरतं. वर सुती मोजे, पण बोटांचा भाग कापून. म्हणजे टाच झाकली आणि बेचकी उघडी.

घरात मुठेल असेल (गोव्याकडचे भिरंडेल म्हणतात, कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) तर जेलीऐवजी तेही चालतं. ते साधारण ४० अंशांना वितळतं, तेव्हा बोटाला सोसेल इतकंच कोमट करा. गरम थेंब भेगेत सोडायची जुनी पद्धत टाच भाजते.

वजरी (टाच घासायचा खरखरीत दगड) आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, एकाच दिशेने, हलक्या हाताने. खूप घासलं की कातडी आणखी जाड होऊन परत येते. आणि ब्लेड कधीच नाही. जाता जाता, काशाच्या वाटीने पाय चोळल्यावर जो काळा मळ येतो तो अंगातली उष्णता नव्हे, धातू आणि तूप यांचा मेळ आहे. चोळायला हरकत नाही, पण फुटलेल्या टाचेवर नको.

गमबूटवाला

मूळ कारण बुटांत असेल तर औषध वाया. गमबूट रात्री उलटे टांगून वाळत नाहीत, आत हवा खेळत नाही. वर्तमानपत्राचे बोळे पार टोकापर्यंत कोंबा, दोन तासांनी ओले बोळे काढून कोरडे भरा, मग सकाळपर्यंत ठेवा. जमलं तर दोन जोड, एक दिवसाआड. मोजे रोज बदलायचे, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात उलटे वाळवायचे.

कापणीला अनवाणी जाऊ नका. कापलेल्या भाताची धसकटं फुटलेल्या टाचेत नेमकी घुसतात आणि खाली अजून ओल असते. धनुर्वाताची लस पाच वर्षांत झाली नसेल तर मातीची जखम झाल्याबरोबर घ्यावी लागते, त्यापेक्षा आधीच आरोग्य केंद्रात विचारून ठेवा.

बेचकं

एक विचारायचं राहिलं. बाबांची साखर कधी तपासली आहे? पाऊस संपूनही न हटणाऱ्या चिखल्या आणि खोल भेगा म्हटलं की हे विचारावंच लागतं.

भातखाचर

कधीच नाही. आज सकाळी उपाशीपोटी करून घेतली, १४८ आली. ट्यूब काल बंद केली. मुठेल आहे घरात. आता काही बदलायचं का?

बेचकं

बदलायचं. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आली की मधुमेहाची शंका धरतात. दुसऱ्या दिवशी परत किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून पक्कं करतात, तिथे ६.५ टक्के ही रेघ. ते डॉक्टर बघतील, पण पायांचे नियम आजपासून वेगळे.

परमँगनेट असो की साधं पाणी, पाय बुडवणं बंद. धुवायचे आणि टिपायचे. पाण्याचा गरमपणा पायाने नाही, कोपराने बघायचा. मुठेल तापवू नका, तळहातावर चोळून जेवढं विरघळेल तेवढंच. वजरी तूर्त बंद. युरियाचं मलम डॉक्टरांना टाच दाखवल्यावरच. बेचक्यातलं मलम चालू ठेवा.

मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते, ती घरी बघता येते. बाबांना डोळे मिटायला सांगा. तर्जनीच्या टोकाने त्यांच्या पायाच्या बोटाच्या शेंड्याला एक-दोन सेकंद नुसता स्पर्श करा, दाबू नका, टोचू नका. क्रम : उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. प्रत्येक स्पर्शाला त्यांनी 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त कळले नाहीत तर पायाची जाणीव कमी झाली आहे. अशा पायात काटा मोडला तरी कळत नाही.

मुठेल

आणि दुखत नाही म्हणून ठीक आहे, हा हिशेब आता चालणार नाही. रोज रात्री तळवा बघायचा. स्वतःला दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. पायावर लाली वर सरकतेय, पाऊल गरम लागतंय, सुजलंय, जांघेत गाठ आली, ताप आला, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना. ते धावरं (कातडीत झपाट्याने पसरणारा जंतुसंसर्ग) असू शकतं, आणि त्याचं दार बहुतेक वेळा बेचक्यातली फाटलेली कातडीच असते.

भातखाचर

स्पर्श करून पाहिला. डाव्या करंगळीला आणि डाव्या मधल्या बोटाला कळलं नाही. उद्या तालुक्याला नेतो. कापणीला मजूर सांगितलेत. बूट घेऊनच टाकू का?

गमबूटवाला

आधी डॉक्टर, बूट मग. घ्याल तेव्हा संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. पायाला सैल की घट्ट ते बाबांना नीट कळणार नाही, म्हणून जाड कागदावर दोन्ही पायांचा आकार काढून कापून न्या आणि तो बुटात घालून बघा. कागद कडेला दुमडला तर तो बूट घेऊ नका.