आठ ग्रॅमसाठी मॅग्नेशियम?

लेथवाला: काल इथे एकाने मॅग्नेशियमचा पत्रा घरीच कापून वजन वाचवायला ट्रेकच्या स्पिरिटच्या स्टोव्हभोवती वाऱ्याला आडोसा म्हणून लावल्याचा फोटो टाकला, आणि खाली नुसती वाहवा! 30 बाय 10 सेंटिमीटर, जाडी 0.3 मिलिमीटर धरा. अ‍ॅल्युमिनियमचा भरतो 24 ग्रॅम, मॅग्नेशियमचा 16. शाळेत चिमट्यात धरून पेटवलेली फीत विसरलात? भोसरीत आमच्या शेजारच्या वर्कशॉपमध्ये मॅग्नेशियमचा बूर (धातू कापताना पडणारा कीस) पेटला, एका शहाण्याने बादली ओतली. पाण्यातून हायड्रोजन सुटतो, तोही पेटतो. भडका छपराला. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही कुचकामी, त्यातला ऑक्सिजनसुद्धा हा धातू ओढून घेतो. कोरडी वाळूच लागते. गडावरच्या गुहेत ती कुठून आणणार?

ग्रॅमवेडा: फोटो माझा. बूर आणि पत्रा यातला फरक लेथवाल्याला सांगायचा? जुन्या फोक्सवॅगन बीटल गाडीच्या इंजिनाचा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचाच होता. मॅग्नेशियमचा ठोकळा लायटरने पेटवून दाखवा, जेवण माझ्याकडून.

लेथवाला: ठोकळा नाही पेटणार, मान्य. उष्णता आत पसरते. म्हणून तर आग पेटवायला आधी चाकूने त्याचा कीस काढतात! तुझा पत्रा ठोकळ्याच्या जवळचा की किसाच्या? आणि कडा कानशीने घासल्यास ना? चुरा कुठे गेला?

ग्रॅमवेडा: कुंडीत.

पिठलंप्रेमी: मुळात स्टोव्ह न्यायचाच कशाला? हरिश्चंद्रगडाला जाताना पायथ्याच्या पाचनईत मावशींना सांगून ठेवा, पिठलं-भाकरी मिळते.

सह्यवारी: हो, आणि बारा हजारांचे बूट घालून त्याच मावशींशी दहा रुपयांसाठी घासाघीस करा.

पिठलंप्रेमी: मी कधीच केली नाही! ओळखता का मला?

सह्यवारी: तुमचं नाव घेतलं का मी? चोराच्या मनात चांदणं.

पिठलंप्रेमी: तोंड सांभाळून. तुम्ही मंडळी गडावर चूल पेटवून झाडं तोडता, ते चालतं?

सह्यवारी: वाळक्या काटक्या वेचतो. आणि मावशींची भाकरी काय सूर्यावर भाजते?

लेथवाला: चुलीचा वेगळा धागा काढा रे बाबांनो.

भटकी: टायटॅनियम का नको?

लेथवाला: अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जड, पण ताकद जास्त, त्यामुळे पत्रा आणखी पातळ चालतो. मात्र त्याचाही बारीक चुरा पेटतो, घासताना जपून.

ग्रॅमवेडा: बरं, अ‍ॅल्युमिनियमचा करतो. आठ ग्रॅमची भरपाई म्हणून लेथवाल्यांचं प्रवचन घरी ठेवून निघेन. कुंडीला पाणी घालू की तेही नको?

लेथवाला: घाल. पेटलेला नाही ना तो. फक्त ओला चुरा डबाबंद करू नकोस, हायड्रोजन साठतो.